शेवटच्या लिलावाचे आबा

आबा लिलावात घोड्याकडे आधी बघतच नसत. घोडा धरून उभ्या असलेल्या माणसाकडे तोंड करून उभे राहत. त्याने दोरी आखूड धरलीय की सैल, शिंगरू वळवताना एकाच अंगाने वळवतोय का, बोलता बोलता हात कुठे ठेवतोय, हे सगळं आधी. मग शिंगराला दहा पावलं चालवायला सांगत आणि ते चालू लागलं की स्वतः डोळे मिटून टापांचा आवाज ऐकत. "जनावर खोटं बोलत न्हाय," ते म्हणायचे. "दोरी धरनारा बोलतो. म्हनून आदी त्येची वळख करून घ्यायची."

शर्यतीच्या घोड्यांची शिंगरं वर्ष-दीड वर्षाची झाली की पैदास करणारे लोक त्यांचे लिलाव मांडतात. पहिल्या लिलावांना मोठमोठे मालक येतात, गाड्यांची रांग लागते. आबा तिकडे फिरकायचेसुद्धा नाहीत. ते जायचे फक्त हंगामातल्या शेवटच्या लिलावाला, पुण्याजवळच्या एका फार्मवर. तिथे उरलेली शिंगरं असत. कुणी बारीक, कुणी उशिरा जन्मलेलं, कुणाची आई नावाजलेली नाही. त्यातलं एखादं आणायचं, वर्षभर खाऊ-पिऊ घालायचं, माणसात आणायचं आणि मग पुण्याच्या एखाद्या ट्रेनरला द्यायचं, हा त्यांचा उद्योग. विलासदादा, म्हणजे त्यांचा मुलगा, एकदा वैतागून म्हणाला, "आबा, सगळ्यांनी नाकारलेलं तेवढं आपण आणायचं का?" आबा म्हणाले, "पैल्या पंगतीला मानकरी बसत्यात, शेवटच्या पंगतीला घरची मानसं. म्हनून काय जेवान येगळं असतं व्हय?"

मी त्या घरची नव्हे. मी गोंदिया जिल्ह्यातली, तळ्याकाठच्या भाताच्या गावातली. आठवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा दोन गावं ओलांडून होती आणि आई आजारी होती. लग्नानंतर नवऱ्याला बारामतीच्या एमआयडीसीत काम लागलं म्हणून जळोचीत खोली घेतली. पुढे कंत्राट संपलं, काम गेलं. मी काटेवाडीच्या पुढे, इंदापूर रस्त्याला असलेल्या आबांच्या डाळिंबाच्या बागेत खुरपायला जाऊ लागले. भीती हा माझा स्वभावच झाला होता. कुणी हाक मारली तरी वाटायचं, आता उद्यापासून येऊ नको म्हणणार.

एक दिवस घोड्यांसाठी घास कापून नेला. तबेल्यातली एक घोडी कुणालाच जवळ येऊ देत नव्हती. मी पेंडी टाकून तिथेच उभी राहिले, कारण परत कुठे जायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने घोडीने माझ्या खांद्यावर नाक ठेवलं. आबा मागे खाटेवर बसले होते.

"कुठली गं तू?"

"गोंदियाकडची जी."

"घोडी व्हती का घरी?"

"नाही जी. म्हशी होत्या."

"तुझ्या हाताला घाई न्हाय," ते म्हणाले. "उद्यापास्नं खुरपं ठिवून दे. हितंच ये." आणि मग विलासदादाला हाक मारून, "इलास, ही जीबाई आजपास्नं तबेल्यात."

तेव्हापासून माझं नाव जीबाई. आमच्याकडे प्रत्येक बोलण्याला 'जी' लागतो, तो आबांना फार गमतीचा वाटायचा. मी चुकले की म्हणायचे, "नुसतं जी जी करून खरारा व्हत न्हाय, बाय. जरा जोर लाव." पण खरारा कसा करायचा, खूर कसा उचलायचा, शिंगराच्या तोंडात पहिल्यांदा लगाम देताना त्याला गुळाची चव आधी कशी द्यायची, हे सगळं त्यांनीच शिकवलं. रागावले तरी चारचौघांत कधी रागावले नाहीत. मला तर घरीसुद्धा त्याची सवय नव्हती.

तिसऱ्या वर्षी आबा मला लिलावाला घेऊन गेले. विलासदादा डाळिंबाच्या तोडणीत अडकला होता. गाडीला भाड्याचा ड्रायव्हर होता. मला वाटलं, शिंगरू परत आणताना त्याच्याजवळ कुणीतरी असावं म्हणून मला नेतायत.

फार्मवर शिंगरं फिरवण्याच्या रिंगणाभोवती चुन्याची पांढरी रेघ मारलेली होती. आबा तिच्यापाशी आले आणि त्यांनी पाय गुडघ्याइतका उचलला, उंबरठा ओलांडावा तसा. जमीन सपाट होती. पाय खाली आपटला, ते झुकले, मी हात धरला. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

"कळलं व्हय तुला?" आबा हळूच म्हणाले.

मी त्यांचा हात सोडला नाही.

"उजेड दिसतो, सावली दिसती. बाकी गेलंय. इलासला कळलं तर फुडच्या साली गाडीत बसू देनार न्हाय. पळसदेवचं नाना भागी काढून घेतील. ती माझ्या नजरंवर पैसा लावत्यात, माझ्यावर न्हाय. मग तबेला हाय का न्हाय, तूच बघ."

पळसदेवचे नाना म्हणजे घोड्यांमधले अर्धे भागीदार. तबेला गेला तर माझं काम गेलं, हे मला वेगळं सांगायला नको होतं.

"मी काय करू जी?"

"दिसंल ते सांगायचं. चांगलं का वाईट, ते मी ठरवीन. पर सगळं सांगायचं."

मग मी सांगत गेले. रंग, पाय, छाती, डोळ्यातली ओल. आबा प्रश्न विचारत. "मागनं बघ, खूर एकामागं एक पडतोय का भाईर फेकतोय?" "दोरी धरनारा हसतोय का? लई हसत आसंल तर फुडं चल." दहा-बारा शिंगरं आम्ही अशी सोडली. एक तांबडी घोडी मात्र मला पहिल्याच नजरेत आवडली. बारीक होती. मागचा एक पाय पांढरा, कपाळावर चांद. मी जवळ गेले तर तिने माझा तळवा हुंगला आणि तिथेच नाक ठेवून उभी राहिली.

"उशिरा जन्मलीय जी, म्हणतात. म्हणून लहान आहे."

"आसू दे की. एका इयत्तेत बसवलं म्हनून पोरं काय एका वयाची व्हतात?" आबांनी तिला चालवायला लावलं, डोळे मिटले. चेहरा फुलला. "आवाज आईक. चार पाय, चार येगळं आवाज, आन् चारी सारखं. तोंडावर काय हाय?"

"चांद आहे जी."

"आन्?"

तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता. ओल्या पिठात अंगठा फिरवावा तेवढा. मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. पण मोतद्दाराने, म्हणजे तिला धरून उभ्या असलेल्या माणसाने, मी बघतेय म्हटल्यावर गालावर थोपटायच्या मिषाने तिथे हात ठेवला, आणि तो हात तिथेच राहिला. एवढं मला नक्की कळलं की काहीतरी आहे. आणि हेही कळलं की सांगितलं तर आबा पुढे चालू लागतील. आबांनी स्वतः हात फिरवायला बघितलं, तर घोडीने मान उंच केली.

"दोरी धरनारा कसा हाय?"

"नीट उभा आहे जी," मी म्हटलं.

बोलीच्या वेळची रीत आबांनी गाडीतच शिकवली होती. तरुणपणी ते बैलबाजारात दलाली करायचे. तिथे रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदे होतात. आता आम्हा दोघांच्या मध्ये त्यांचा टॉवेल होता. समोरचा बोलीत टिकून असला की मी त्यांचं बोट दाबायचं, त्याने मान हलवून सोडून दिलं की मूठ मिटायची. बाकी खुर्च्यांवरचे लोक सावकाश हात वर करत होते. मी बोट दाबलं, आबांनी हात वर केला. पुन्हा दाबलं, पुन्हा वर केला. समोरच्या टोपीवाल्याने फोन कानाला लावला आणि मान हलवली. मी मूठ मिटली. घोडी आमची झाली. परतीच्या वाटेवर आबा लहान मुलासारखे खूश होते. "जीबाई, तू तर पक्की दलाल निगालीस की गं!" मी हसले, पण मोतद्दाराचा तो हात डोळ्यांपुढून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना हळद-कुंकू, नारळ घेऊन आले. नवीन जनावराची पूजा त्यांच्याच हातची असायची. घोडीच्या कपाळाला कुंकू लावायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"आबा, हिला आसूढाळ हाय!"

डोळ्याखालच्या त्या भोवऱ्याला आसूढाळ म्हणतात. ज्याच्या दारात असं घोडं, त्याच्या डोळ्यातलं पाणी खळत नाही, अशी समजूत. शर्यतीच्या लोकांना त्याचं काही नसतं. पण नाना शर्यतीचे नव्हते, पळसदेवचे होते. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"तुमच्या नजरंतनं हे सुटलं? तुमच्या?"

विलासदादा माझ्याकडे वळला. "वंदना, तू होतीस ना बरोबर? कुणी बदलून तर दिली नाही? तू काय बघत होतीस तिथं?"

"कुनाच्या भरवशावर सौदे करताय तुमी?" नाना म्हणाले. "कुठली कोन, घोड्यातलं काय कळतंय तिला! पैल्यांदा हिला काढा. मग घोडीचं बघू."

मी बघितलं होतं, हे मला बोलायचं होतं. जळोचीची खोली, मुलीची शाळा, घरी बसलेला नवरा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मी बोलले नाही. आबांनाही सुटायला वाट होती. हीच फसली, एवढं म्हणाले असते तर सगळं माझ्यावर निभावलं असतं आणि त्यांची नजर शाबूत राहिली असती.

आबा खाटेवरून उठले. भिंतीचा आधार घेत घोडीपर्यंत आले.

"तिला काय बोलू नगा. सौदा माझा हाय. मला दिसलं न्हाय."

"दिसलं न्हाय म्हंजी?"

"दीड वरीस झालं, नाना, मला तोंडं दिसत न्हायत. तुमचं न्हाय. इलासचंबी न्हाय."

विलासदादा मघापासून हातवारे करत होता, तो तिथेच थांबला. मग त्याने पुढे होऊन आबांचा दंड धरला. "आबा, घरात सांगायचं तरी," एवढंच म्हणाला. नाना न जेवता गेले. त्यांनी भागी काढून घेतली.

विलासदादाने आबांना बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. उशीर झाला होता, गेलेली नजर परत येणार नव्हती. तबेला मोडायची भाषा दोन-चार दिवस चालली, पण मोडला नाही. विलासदादा स्वतःच पहाटे येऊन घोड्यांना दाणा घालू लागला. आबा मात्र पुन्हा लिलावाला गेले नाहीत.

मी आठवडाभर जेवले नाही म्हणा ना. शेवटी एका दुपारी आबांच्या खाटेपाशी बसून सगळं सांगितलं. भोवरा, मोतद्दाराचा हात, माझं खोटं. मला वाटलं, आता खरंच घालवतील. ते टॉवेलाची दशी वळू लागले.

"सांगितलं आसतंस तर घेतली नसती," ते म्हणाले. "आपल्याबी डोस्क्यात तसलंच भरलेलं हाय."

"चुकलं जी."

"चुकलंच. पर डोळं उसनं घेतलं की त्यातली मायाबी संगट येती. ती मी हिशेबात धरायला पायजे हुती." मग दशी सोडून, "पुन्यांदा मात्र माझ्याशी खोटं बोलू नगंस. इतरांचं खोटं मी पायांच्या आवाजावरनं वळखीन. तू बसून बोलतीस."

ती घोडी पुढे पुण्याला गेली. तिने काही नाव काढलं नाही. चार-सहा वेळा पळाली, एकदा तिसरी आली. त्या बातमीने आबांनी सगळ्यांना पेढे वाटायला लावले. कुणाच्या डोळ्याला तिच्यामुळे पाणी आलं असंही झालं नाही. पुढच्या वर्षी शेवटच्या लिलावाला विलासदादा आणि मी गेलो. त्याने बोली बोलायची, मी बघायचं. घरी आल्यावर आबांना पुन्हा सगळं सांगावं लागे, न घेतलेल्या शिंगरांचंसुद्धा. "त्या काळ्याच्या गुडघ्याचं काय म्हनलीस?" "सुजलाय जी." "मंग सोडलं ते बरं केलं." आठवीत शाळा सुटलेल्या बाईला कुणी इतकं लक्ष देऊन ऐकावं, याचं मला अजूनही नवल वाटतं. मी त्यांना काही म्हणजे काहीच चोरून ठेवत नसे. बाग जळाली तर जळाली, घोड्याचं पोट दुखतंय तर दुखतंय.

मागच्या उन्हाळ्यात आबांचं जेवण तुटलं. घरातले सगळे म्हणायचे, आज बरे दिसताय, तोंडावर तेज आहे. आबा हुं हुं करायचे. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "जीबाई, माझं तोंड कसं दिसतंय गं?"

मी बघितलं. नीट बघितलं, शिंगरू बघायचे तसं. गाल आत गेले होते, डोळ्यांभोवती काळं धरलं होतं, कानाच्या पाळ्या सुकल्या होत्या.

"उतरलंय जी आबा," मी म्हटलं. "फार उतरलंय. जास्त दिवस वाटत नाही."

त्यांनी चाचपून माझा हात धरला आणि मोकळा श्वास सोडला.

"हां," म्हणाले. "आता इलासला बोलव. त्येला सांग आत्ता बोललीस तसंच. बागंत आसंल."

मी कप खाली ठेवला आणि बागेकडे पळत गेले.