फाइव्ह-फोर्टीवाले गुलाब मिस्त्री

नगरच्या शोरूमवाल्यांनी मला फसवलं आणि दोष काष्टीच्या गुलाब मिस्त्रींवर ढकलला. मिस्त्री आता नाहीत. शोरूम आहे, म्हणून हे लिहितो आहे.

मी कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहत वर आलेला माणूस. पंचेचाळिसाव्या वर्षी हौसेने टर्बो इंजिनाची लाल गाडी घेतली. दिसायला छोटी, पण पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. तिला ऑइल कोणतं घालावं हे विचारायला मी मिस्त्रींच्या गॅरेजवर गेलो. त्यांनी बॉनेटकडे पाहिलंही नाही, नुसता हात पुढे केला. मी किल्ली दिली.

"किल्ली न्हाई. पुस्तक."

"कसलं पुस्तक?"

"गाडीसंगं आल्यालं. तिला काय पाजायचं त्ये त्यात लिव्हल्यालं असतं. तुमी-आमी कोन ठरवनार?"

पुस्तक घरी होतं, पिशवीतून न काढलेलं. मी आवाज चढवला. मिस्त्री शांतपणे एका मोटारसायकलकडे वळले. शेवटी मुकाट्याने घरी जाऊन पुस्तक आणलं. प्रत्येक गिऱ्हाइकाशी ते असंच वागत. पुस्तक नाही तर पाना नाही. काही लोक हसत, काही निघून जात. मिस्त्रींना त्याचं काही नसे.

आमच्याकडे सगळ्यांचं एक पक्कं मत आहे: ऊन कडक, तर ऑइल जाड पाहिजे. ट्रॅक्टरला चालतं, जीपला चालतं, मग कारला का नाही? मीही तेच म्हणालो.

"शेठ, गुऱ्हाळावरची काकवी थंडीत डब्यातनं लवकर पडती का?" मिस्त्री म्हणाले. "जाड ऑइल तसंच. सकाळी गाडी चालू झाली की तुमचा टर्बो भिंगरीवानी फिरतोय. त्याला त्याच घटकेला ऑइल पायजे. ऑइलला दोन आकडे असत्यात: पयला गार इंजिनाचा, दुसरा तापल्यावरचा. आकडा ल्हान, तर ऑइल पातळ. पुस्तकात फाइव्ह-फोर्टी हाय, तर फाइव्ह-फोर्टीच. आपलं डोकं लावायचं न्हाई."

मग त्यांनी फळीवरचा ऑइलचा डबा फिरवला आणि भिंग घेऊन, इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवत, गाडीच्या कंपनीने मंजूर केलेला नंबर शोधला. "फुडचं चित्र गिऱ्हाइकासाठी. मागची बारीक अक्षरं इंजिनासाठी."

गाडी वॉरंटीत होती, म्हणून सर्व्हिसिंग मात्र शोरूममध्येच करून घेतलं. तिथे मी माझ्या सवयीप्रमाणे घासाघीस केली. मॅनेजर इतका पटकन खाली आला की मी खूश होऊन बाहेर पडलो. माझ्यासारख्या माणसाला तिथेच शंका यायला हवी होती. बिलावर फाइव्ह-फोर्टी लिहिलं होतं.

त्या थंडीत गाडी सकाळी शिट्टी मारू लागली, मागून निळा धूर येऊ लागला. मी ती मिस्त्रींकडे नेली. त्यांनी माझ्यासमोर खालचा नट काढून ऑइल उतरवलं. जुन्या जीपच्या काचेचा एक तुकडा भिंतीला तिरका टेकवला. त्यावर उतरवलेल्या ऑइलचा एक थेंब सोडला आणि शेजारी नव्या डब्यातल्या फाइव्ह-फोर्टीचा एक. नवा थेंब सरसर खाली गेला. दुसरा जागेवरून हलेना.

"वापरल्यालं ऑइल थोडं दाट व्हतं, पन एवढं न्हाई. ही बॅरलमधली सुटी, जाड ट्वेंटी-फिफ्टी हाय. त्यानंच टर्बो गेला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी भाव पाडला, त्यांनी माल पाडला. शेठ, मानसाशी भाव करा, इंजिनाशी नगा करू."

मी बिलाचा कागद खिशात घातला आणि तडक नगर गाठलं.

शोरूममध्ये गेलो तर मॅनेजर म्हणाला, "सर, गाडी तुम्ही बाहेर उघडलीत. त्या माणसाने काय ओतलं, आम्हाला काय माहीत?" संध्याकाळी गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोरूमचा मेसेज आला: काष्टीच्या मिस्त्रीने चुकीचं ऑइल घालून टर्बो घालवला, सावध राहा. आठवडाभरात गॅरेजसमोर गाड्या दिसेनात. माझ्याच टेम्पोचा ड्रायव्हर मला विचारतो, "मिस्त्रीनं इंजिन खाल्लं म्हनं तुमचं?" मी ग्रुपवर खरं काय ते लिहिलं, तर मलाच ग्रुपमधून काढलं.

माझं म्हणणं होतं, चार माणसं घेऊन जाऊ आणि काचा फोडू. मिस्त्री म्हणाले, "फोडायची न्हाई, काच दाखवायची." धुतलेला शर्ट घालून, काच गोणपाटात गुंडाळून, दोन्ही ऑइलं बाटल्यांत घेऊन ते सकाळच्या एस्टीने नगरला निघाले. मी बरोबर होतोच. वॉचमनने दारातच अडवलं. मिस्त्रींनी रस्त्याकडेला कंपाउंडला काच टेकवली, दोन थेंब सोडले आणि आतल्या केबिनकडे बघून ओरडले, "सायेब, तुमच्या बॅरलचा एक थेंब आना! माजं खोटं निघालं तर सगळं पानं हितंच ठिवून जातो!"

माणसं जमली. मॅनेजरने केबिनचा पडदा ओढला. आम्ही दोन तास उभे होतो. ऊन वर आलं, काच तापली, तसा अडलेला थेंबही खाली पळाला. मिस्त्रींनी काच पुसली. "सायेब ह्या उन्हाचीच वाट बघत हुता. चला."

पुढे फारसं काम आलं नाही, पण आलेल्या प्रत्येकाकडे ते पुस्तक मागतच राहिले. एकदा मी म्हणालो, "मिस्त्री, तो शोरूमचा विषय मनातून सोडा आता."

"सोडलं असतं शेठ. पन त्यो मेसेज लेकीच्या सासरी गेलाय. जावयानं इचारलं, मामा, असं कसं झालं?"

गेल्या पावसाळ्यात गॅरेजमध्येच त्यांचं हृदय थांबलं. ग्रुपवरचे लोक सांगतात, मेसेज तिथे तसाच आहे. मला नवा टर्बो नको, माफीचा पुष्पगुच्छही नको. ज्याने तो मेसेज लिहिला त्याने काष्टीला बाजाराच्या दिवशी यावं, मिस्त्रींच्या लेकीसमोर आणि जावयासमोर उभं राहावं आणि माझ्या गाडीत ऑइल कोणी ओतलं ते सांगावं. मिस्त्री गेले म्हणून हा प्रश्न मिटला असं त्याला वाटत असेल, तर मी अजून जिवंत आहे. दे उत्तर.