गुळाच्या काट्यावरचं कासव

किराणा दुकानात ओल्या गुळाचा वास आला की मला ती दुपार आठवते. आठवीतच शाळा सोडून यवतमाळहून शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला आलो, तेव्हा खोलीवर सोबतीला एक पाळलेलं कासव तेवढं होतं. त्याचे डोळे सुजून मिटले आणि आठ दिवस ते काही खाईना. जनावरांचा पहिला डॉक्टर हातही न लावता म्हणाला, “म्हस असती तर बघितलं असतं की!” दुसऱ्यानं नुसत्या अंदाजानं सुई भरली, तसा मी कासव उचलून पळालो. तिसऱ्यानं विचारलं, “वजन किती?” हेही टाळतायत असं वाटून माझं डोकंच फिरलं. “टोलवा, तुम्हीपण टोलवा!” म्हणालो. डॉक्टर चपला घालून, कासव घेऊन शेजारच्या किराणा दुकानात शिरले. दुकानदार ओरडला, “डॉक्टर, तांदळाच्या काट्यावर न्हाय ठेवायचं!” “मग गुळाच्यावर ठेवतो की. वजनाबिगर औषध देऊन मारू व्हय त्येला?” मी मान खाली घातली. पंधरा दिवसांनी कासवानं डोळे उघडले. अजून दर महिन्याला मी त्याला घेऊन तिथं जातो, दुकानदार स्वतःच काटा पुसतो आणि माझ्याआधी आकडा वाचतो, “वाढलं की, पावणं!”