दोन सेकंदांचा चेहरा

सिस्टर सरकारी इस्पितळात ऑपरेशन थिएटरची मुख्य परिचारिका होती. नाकावर माशी बसू न देणारी बाई. नामांकित सर्जनही तिच्यासमोर हात पुन्हा धुवायचे, कारण ती सगळ्यांदेखत विचारायची, "धुतलेत, की नळाला नुसतं तोंड दाखवून आलात?" घरी आजारी नवरा आणि टीव्हीवरच्या बातम्यांना चिकटलेली सासू. सगळा भार हिच्या एकटीच्या पगारावर.

पेशंटच्या जखमा एकामागून एक चिघळायला लागल्या, तेव्हा तिनं थिएटरमधल्या नव्याकोऱ्या हातमोज्यांत पाणी भरून पाहिलं. बोटांतून थेंब गळायला लागले. वापरलेले मोजे धुऊन, नव्या पाकिटांत घालून इस्पितळाच्या माथी मारले जात होते. पुरवठा करणारा आरोग्यमंत्र्यांचा सख्खा मेहुणा, त्यामुळे वरच्या साहेबांनी तिलाच गप्प बसवलं. मग ती माझ्याकडे आली. मी वार्ताहर. आमच्या मालकाचं वर्तमानपत्र आहे आणि वृत्तवाहिनीही, त्यामुळे मी दोन्हीकडे राबते.

"सगळं सांगते," ती म्हणाली, "पण माझा चेहरा कुठे दिसता कामा नये. नोकरी गेली तर घर बसेल."

वर्तमानपत्रात तिच्या नावाशिवाय बातमी आली. मंत्री हसले आणि पुरावा मागितला. म्हणून आम्ही तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं. ती मोज्यात पाणी भरून दाखवत होती. संकलकानं तिचा चेहरा धूसर केला, आवाज बदलला. मी शेजारी बसून डोळ्यांत तेल घालून ते तपासलं.

पण आमच्याकडे येणाऱ्या कार्यक्रमाच्या जाहिरातीचा तुकडा, म्हणजे प्रोमो, करणारी मंडळी निराळी. तयार कार्यक्रमाची वाट बघायला त्यांना वेळ नसतो. ते मूळ चित्रीकरणातूनच झटपट काहीतरी उचलतात. त्यांनी गळणारा मोजा उचलला, आणि त्याच्यामागून वर बघणारा तिचा उघडा चेहरा. दोन सेकंद.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. मागून सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगत होत्या, "आमची सून टीव्हीवर आली हो. केस तेवढे नीट विंचरायला हवे होते."

"तुम्ही शब्द दिला होतात," सिस्टर एवढंच म्हणाली.

मी तशीच संपादकांच्या खोलीत शिरले. ते म्हणाले, "दोन सेकंद तर होते. काढायला लावलंय मी. कोण बघतंय?"

"तिची सासू बघते. मंत्र्यांचा मेहुणा काय डोळे मिटून बसतो?"

त्यांनी चष्मा पुसला. "हे बघ, चेहरा गेलाच आहे, तर तिला स्टुडिओत आण. शूर परिचारिका. लोकांना आवडेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक आमची, नोकरी तिची, आणि त्यावर हे लेबल चिकटवणार. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. उपयोगही काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात निलंबनाचा आदेश पडला. आणि ती आपणहून स्टुडिओत आली. "आता लपवायला काय उरलंय?" म्हणाली. मोजे, मेहुणा, दाबलेली तक्रार, सगळं तिनं थेट प्रक्षेपणात न अडखळता सांगितलं. शेवटी निवेदकानं गहिवरून विचारलं, "एवढं धाडस आणलंत कुठून?"

"धाडस कसलं? मी चेहरा लपवायला सांगितलं होतं. तुम्ही लपवला नाहीत. आज सकाळी मला निलंबित केलं."

निवेदकानं घाईघाईनं छोटी विश्रांती जाहीर केली, आणि लगेच साबणाची जाहिरात लागली.

मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. आम्हाला पुरस्कार मिळाला. निलंबनानंतर बडतर्फ झालेली सिस्टर आता एका खासगी दवाखान्यात निम्म्या पगारावर इंजेक्शनं देते. तिची ती मुलाखत आम्ही अजूनही मोठ्या अभिमानानं दाखवतो. त्यातलं तिचं ते शेवटचं उत्तर तेवढं कापलेलं असतं. इतकं सफाईनं, की एक शब्दही चुकून राहिलेला नाही.