बाईंच्या पुस्तकाचे रंग

खारघरला कॉलेजच्या फाटकासमोर हौसेरावांचं डीटीपीचं दुकान. मूळचे साताऱ्याकडचे, शाळा दहावीपर्यंत. पण वीस वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांची ब्लॅक बुकं, म्हणजे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प-अहवाल, त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यातल्या प्रोग्रॅमचं अवाक्षर त्यांना कळत नसे, तरी कुठल्या शब्दाला कुठला रंग हे मात्र तोंडपाठ. आज्ञेचे शब्द निळे, टिपा हिरव्या, अवतरणातला मजकूर तांबडा. एकेक शब्द माउसनं धरायचा आणि रंगवायचा. रंग दिला की वाचणाऱ्याला वाट सापडते, हे त्यांना मालतीबाईंनी शिकवलं होतं.

मालतीबाई त्याच कॉलेजातल्या निवृत्त प्राध्यापिका. दिघ्याच्या वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी मराठीतून प्रोग्रॅमिंगचं पुस्तक लिहिलं आणि मांडणीला हौसेरावांकडेच दिलं. तोवर बाईंचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. "रंगीत पानं एकदा डोळ्यांनी बघू द्या, हौसेराव," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांची भाची प्रिया ऐरोलीत कंपनीत कामाला. ती म्हणाली, "काका, टेन्शन कशाला घेता? फाइल मला द्या. कोड आपोआप रंगवणारं सॉफ्टवेअर असतं."

इथं माणूस चुकला. मनाचा मोठा, पण मेला हट्टी! "नगं पोरी. मशीनला काय माया असती व्हय? बाईंचं पुस्तक हाय, मी माझ्या हातानं करनार." बाईंनी हसून मान डोलावली, एवढ्या भल्या माणसाचं मन त्यांना मोडवेना.

हौसेराव हात धुऊन कामामागे लागले. ब्लॅक बुकांची गिऱ्हाइकं परत पाठवली. तीनशे दहा पानं. बाईंनी मधेच एखादं प्रकरण बदललं की त्यातलं रंगवलेलं पुन्हा पहिल्यापासून. प्रिया दर रविवारी विचारायची, "झालं का?" हे म्हणायचे, "होतंय." झालीत तेवढी पानं तरी नेऊन दाखवावीत, तर तेही नाही. अर्धवट काम बाईंसमोर ठेवायची त्यांना लाज वाटे.

चाळीस पानं उरली असताना बाई गेल्या.

तेराव्यानंतर प्रिया दुकानात आली. उरलेली फाइल तिनं लॅपटॉपवर घेतली. चहा सांगितला होता. तो यायच्या आत चाळीसच्या चाळीस पानं रंगून प्रिंटरमधून बाहेर. वरातीमागून घोडं, आणि तेही असं भरधाव! एखादा शब्द तरी मशीननं चुकवला असेल, म्हणून हौसेराव चष्मा लावून पान न् पान शोधत राहिले. एकही चुकला नव्हता.

प्रियाला त्यांच्याकडे बघवेना. बिचारी समजूत घालायला म्हणाली, "काका, खरंच सांगते, तुमची पानं आणि ही पानं, काही फरकच कळत नाही."

हौसेराव पानं मांडीवर ठेवून हमसून हमसून रडले.