खांब आमच्या अंगणात, नेट समोरच्या टॉवरमध्ये

ठाण्यात एका इंटरनेट कंपनीच्या नव्या कनेक्शनच्या डेस्कवर आम्ही चार पोरी बसतो. काम एवढंच: फोन करणाऱ्याचा पत्ता टाकायचा, तिथे लाइन मिळते का बघायचं. स्क्रीन हिरवी झाली तर ‘अभिनंदन’, लाल झाली तर ‘सॉरी’. दिवसभर सॉरी म्हटलं की किस्से आपोआप साचतात. घरी सांगावेत तर मी नवी सून, तोंड उघडत नाही. म्हणून इथे.

*

घोडबंदरच्या एका बाईंकडे दोन लाइन होत्या, तिसरी हवी होती.

“कशासाठी, मॅडम?”

“कुत्र्यासाठी! आम्ही ऑफिसला गेलो की तो स्क्रीनवर आम्हाला बघतो. मुलांचा गेम सुरू झाला की आम्ही अडकतो आणि तो भुंकतो!”

दुसऱ्या दिवशी लाइन लागलीसुद्धा. कुत्र्याला!

*

मुरबाडकडच्या गावातले एक काका दर सोमवारी फोन करतात. “या कधीही. वायरीसाठी भिंतीला भोक पाडून ठेवलंय.” दर सोमवारी लाल.

एकदा मी सॉरी म्हणायच्या आत तेच म्हणाले, “आता घाई नको, पोरी. भोकात चिमणीने घरटं केलंय. पिल्लं उडू देत, मग या!”

*

माझं सासर शहाडच्या पुढे, गावात. लग्न ठरताना आईने पाण्याची वेळ विचारली, मावशीने रिक्षा कुठपर्यंत येते ते. नेटचं कोणीच नाही. मीही नाही, आणि माझं कामच ते!

लग्नानंतर सहज पत्ता टाकला. लाल. रस्त्यापलीकडचा फ्लॅटांचा टॉवर, सासऱ्यांनी विकलेल्या शेतातला, हिरवागार! त्याला जाणारी आमच्याच कंपनीची वायर आमच्या अंगणातल्या खांबावरून जाते. मी बघतच राहिले.

सासूबाईंनी त्या खांबावर तोंडली चढवलीय. “कशाला लावलाय कोण जाणे, पण वेल मस्त चढतो!”

*

गेल्या महिन्यात मेल आला. डेस्क बंद, सगळ्यांनी घरून काम करायचं. मोबाइलचं नेट चालणार नाही. एक तारखेपर्यंत घरी वायरची लाइन नसेल, तर नोकरी नाही.

मी सुपरवायझर मॅडमना म्हटलं, “माझा पत्ता लाल आहे.”

त्या सवयीने म्हणाल्या, “सॉरी, सध्या आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही.”

घरी जेवताना मी एवढंच सांगितलं की लाइन नाही, म्हणून नोकरी जाणार. सासरे भाकरी मोडत राहिले.

*

परवा दुपारी एक फोन आला. पत्ता टाकला, तर आमचाच. सासरे! डेस्कवर आम्ही नाव सांगत नाही, आणि घरी त्यांनी माझं ‘हो’, ‘नको’ आणि जेवतानाचं ते एक वाक्य एवढंच ऐकलेलं; आवाज ओळखलाच नाही.

“बाय, माझ्या सुनेची नोकरी जाईल गं. समोर देता, आम्हाला का नाही? हवे तर अजून दोन खांब लावा, जागा मी देतो.”

स्क्रीन लाल. कॉल रेकॉर्ड होत होता. मी ठरलेलं वाक्य म्हटलं. मग त्यानंतरचंही ठरलेलं, “आणखी काही मदत करू शकते का, सर?”

सासऱ्यांनी आवाज खाली आणला.

“हो. सून तुमच्याच कंपनीत आहे. मी फोन केलेला नि तुम्ही नाही म्हणालात, हे तिला सांगू नका. ती बोलत नाही, पण मनाला लावून घेते.”

“नाही सांगणार, सर,” मी म्हटलं.