सैल अँटेना आणि रेडिओची सहा बटणं

पत्नी गेली त्याला आठ महिने झाले. तिची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. मला चालवता येत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून मुलगी दर रविवारी ठाण्याहून डोंबिवलीला येते, गाडी काढते, आणि मी तिच्या शेजारी बसतो.

गाडीच्या रेडिओला केंद्रं लावून ठेवायची सहा बटणं आहेत. सहाही पत्नीने लावलेली. आंबिवलीच्या शाळेत शिकवायला ती रोज गाडीने जायची. रस्त्यावरची नजर न हलवता बोट नेमकं बटणावर जायचं. तिचे कपडे, पुस्तकं देऊन झाली होती. तिने लावलं आणि तसंच राहिलं, असं ते एवढंच होतं. पण टपावरचा अँटेना बुडाशी सैल झाला होता. गाडी हलली की नुसती खरखर. मला ती सहा केंद्रं एकदा नीट ऐकायची होती.

"बाबा, गॅरेजला देऊ. दहा मिनिटांचं काम," मुलगी म्हणाली.

"नको. ते लोक काम करताना रेडिओ लावून बसतात. स्टेशनं बदलतील."

म्हणून शनिवारी सकाळी मीच खाली उतरलो. आधी गाडीची पुस्तिका वाचली. औषधाच्या खोक्यातला कागदही मी उलगडून वाचणारा माणूस. आतला दिवा उतरवला की अँटेन्याचा नट दिसतो, असं त्यात होतं. आणि विजेचं कुठलंही काम करण्याआधी बॅटरीची वायर सोडवावी, असंही.

तळमजल्यावरचे शेजारी पाना घेऊन आले. उभी हयात कारखान्यात मशिनं दुरुस्त केलेला माणूस. "काय सर, बोनेटमध्ये पुस्तक हरवलं का?"

"बॅटरीची वायर काढतोय."

"नट आवळायला? कशाला?"

"पुस्तिकेत लिहिलंय."

"मग पाना पुस्तिकेलाच धरायला सांगा!"

मी हसलो आणि वायर काढली. बुडाचं रबर विरलं होतं. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून एक चकती कापून दिली. मी नट आवळला. हलवून पाहिला, अँटेना जागचा हलला नाही. बऱ्याच दिवसांनी एखादं काम हातून सरळ झाल्यासारखं वाटलं. वायर जोडली, किल्ली फिरवली, पहिलं बटण दाबलं. खरखर. दुसरं दाबलं. सहाही बटणांवर एकच आकडा होता आणि त्या आकड्यावर काहीच नव्हतं.

शेजारी खिडकीतून वाकले. "बॅटरी काढली की जातंच हो ते. परत लावा की. कुठली होती?"

"मला माहीत नाही."

ते फडक्याने पाना पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मुलीला सांगितलं. ती रागावली नाही, त्याचंच जास्त लागलं. तिने पहिल्या बटणावर जुनी हिंदी गाणी लावली, दुसऱ्यावर मराठी. "तिसऱ्यावर तो सकाळचा बडबड्या. आई त्याला शिव्या घालायची आणि तरी त्यालाच लावायची." हसता हसता तिने डोळे पुसले. "पुढची तीन तू सांग. तू तर शेजारी बसायचास."

बसायचो. दर रविवारी मुलीकडे जाताना, मांडीवर पुस्तक उघडून. मान वर न करता म्हणायचो, "जरा हळू कर." ती करायची. काय हळू केलं, ते मी कधी विचारलं नाही.

"नाही सांगता येणार," मी म्हटलं.

"मग काहीतरी लावू. रिकामी नकोत." तिचं बोट चौथ्या बटणाकडे गेलं. मी तिचा हात धरला. तिने बोट मागे घेतलं. मग म्हणाली, "शाळेतल्या त्या बाई रोज आईबरोबर जायच्या ना? त्यांना ठाऊक असेल."

"तू विचार."

"नाही बाबा. तू."

तिने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. रिंग वाजत होती. बाईंना मी एकदाच पाहिलं होतं, दहाव्याला. माझी बायको काय ऐकायची, हे मला त्यांना विचारायचं होतं, आणि ते कसं विचारावं हे जुळायच्या आत पलीकडून आवाज आला.