करवलीची बाबागाडी

मागाच्या शेडमध्ये माणसाला बोलता येत नाही. सगळे माग एकदम सुरू असले की शेजारच्याची शिंकसुद्धा ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्याकडचे किस्से तोंडातच साचायचे. मग लाईट जायची, माग थांबायचे आणि सगळे एकदम बोलायला लागायचे! त्या काळी सोलापुरात लाईट बरीच जायची, म्हणून किस्सेही बरेच झाले. आता शेड बंद होऊन जमाना झाला. पण घरातला पंखा थांबला की अजून मला वाटतं, आता कोणीतरी काहीतरी सांगणार.

आज मीच सांगतो. बाबागाडीचं सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडला होता, त्या वर्षांतली गोष्ट. माझी बायको शेवंता हिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत वजन उचलायचं नाही." आणि आमची कमळी म्हणजे वजनच! सव्वा वर्षाची, गुटगुटीत, धरून उभी राहायची, पण चालायचं नाव नाही. आईशिवाय दुसऱ्या कोणाकडे जायची नाही. मी घेतली तरी भोकाड पसरायची.

अशात शेवंताच्या भावाचं, दत्तूचं, लग्न ठरलं. मोहोळला. शेवंता एकुलती एक बहीण, म्हणजे करवलीचा मान तिचा. नवरदेवाच्या मागं दोन्ही हातांत कऱ्हा, म्हणजे पाण्याचा मंगल कलश, धरून ती उभी राहणार; तो मधे खाली टेकवायचा नसतो. पण माहेराहून निरोप आला, "पोरगी कडेवर आन् टाके पोटाला, कसं जमायचं? नसंल जमत तर चुलतबहिणीला करवली करू."

शेवंतानं निरोप ऐकला. लग्नासाठी काढून ठेवलेलं लुगडं तिनं परत ट्रंकेत ठेवलं, एवढंच.

ते पाहिलं आणि मी ठरवलं. बाबागाडी घ्यायची! अशी, की आमच्या बोळातून जाईल, एसटीत मावेल आणि शेवंताला एकटीला जमेल. कारण लग्नसराईत चादरींची मागणी जोरात, मला सुट्टी मिळायची नव्हती. मी लग्नाच्या दिवशीच पोचणार होतो.

*

दुसऱ्या दिवशी लाईट गेली तेव्हा मी शेडमध्ये म्हणालो, "मला बाबागाडी घ्यायची हाय."

सगळे माझ्याकडे वळले! एरवी मी नुसता ऐकणारा, मी आपणहून बोललो याचंच त्यांना नवल. आणि नेमकी तेवढ्यात लाईट आली. माग सुरू झाले. पण विषय थांबतो कुठला! शेजारच्या मागावरचा नरसय्या हा तेलुगू घरातला, अंगानं गोल गरगरीत, जन्माचा बोलघेवडा. त्यानं पुढच्याला हातानं खूण केली. मूल हातात घेऊन हलवल्यासारखी. पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. अशी खूण शेडच्या टोकापर्यंत गेली.

सुट्टी झाल्यावर टोकाच्या मागावरचा म्हातारा धोंडिबा मुद्दाम माझ्याकडे आला. हात हातात घेतला. "ब्येस झालं महादू! पर एवढ्या लवकर दुसरं? जरा दम धरायचा की!"

*

आठवड्याच्या सुट्टीला आम्ही बाजारात निघालो. मी, शेवंता, नरसय्या आणि आमचे जॉबर इस्माईलभाई. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. कमळीला शेजारच्या आजींच्या ओट्यावर झोपवून आलो होतो, ती उठायच्या आत परतायचं होतं.

पहिल्या दुकानात एक भली मोठी लोखंडी गाडी होती. वर छत, आत गादी. दुकानदार चाकं फिरवून दाखवायला लागला. नरसय्यानं चाकांकडे बघितलंच नाही. त्यानं छताचं कापड चिमटीत धरलं, उलटं केलं, उजेडापुढं धरलं. मग अंगठा ओला करून घासला.

"कच्चा रंग. धुतला की सोडणार. आणि वीण बघा, चाळणी हाय चाळणी!"

दुकानदार म्हणाला, "अहो, चाकं बघा की, दांडी बघा!"

"चाकाचं काय घेऊन बसला? लेकरू कापडावर बसतंय का चाकावर?"

दुकानदारानं कपाळाला हात लावला. "राव, तुम्हाला ह्यात पोरगं बसवायचंय, का ह्यात पोरगं विणायचंय?"

*

तरी गाडी दणकट होती. इस्माईलभाई म्हणाले, "चलाके देखते," आणि त्यांनी दांडी धरली.

"थांबा!" शेवंता एवढ्यानं ओरडली की रस्त्यावरची माणसं थांबली. "रिकामी ढकलू नगा!"

खरंच होतं. रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे आमच्याकडे बारक्या पोरालाही ठाऊक असतं. मग गाडी तर पाळण्याचीच बहीण! पण आत ठेवायचं काय? नरसय्यानं येताना मंडईतून एक तांबडा भोपळा घेतला होता. तो गादीवर ठेवला. शेवंताला तरी ते बोडकं बघवेना, तिनं पिशवीतून कमळीची कुंची काढून त्याला बांधली.

आता गाडी छान चालली! दुकानापासून चौकापर्यंत इस्माईलभाई ढकलत गेले, मागून आम्ही. चौकात एक म्हातारी आडवी आली. आत वाकली, डोळे बारीक केले. दोन्ही हात भोपळ्यावरून उतरवून तिनं कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"कुनाची दिष्ट न लागो! लई गुटगुटीत हाय." मग तिनं एकदा भोपळ्याकडे पाहिलं आणि एकदा नरसय्याकडे. "बापावर गेलंय."

*

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "घरी नेऊन बघा. पटली तर ठेवा."

आमची खोली बोळाच्या पार टोकाला. बोळ असा, की समोरून सायकल आली तर आपण कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. गाडी निम्म्यापर्यंत गेली आणि दोन भिंतींत गच्च बसली. पुढं जाईना, मागं येईना!

वेळ नळाला पाणी यायची. आतल्या बायका घागरी घेऊन आत अडकल्या, बाहेरच्या भरल्या घागरी घेऊन बाहेर. मग काय, गाडीवरून घागरींची देवाणघेवाण सुरू झाली. भरलेली आत, रिकामी बाहेर. प्रत्येक घागर जाताना भोपळ्याला अंघोळ! दूधवाला आला, त्यानं मापं छतावर मांडली आणि तिथंच रतीब घातला. तो म्हणाला, "हितंच राहू द्या ही. मला बोळातून हिंडायचा तरास वाचंल."

शेवटी इस्माईलभाईंनी चाकं काढली, तेव्हा गाडी सुटली. छताच्या कापडाचा तांबडा रंग भोपळ्याच्या कुंचीवर उतरला होता.

नरसय्यानं ती कुंची पिळली आणि सगळ्यांना दाखवली. काही बोलला नाही. त्याच्या आयुष्यात तेवढी एकच वेळ!

*

गाडी दुकानात परत गेली. दिवस थोडे उरले. शेवंता रोज विचारायची नाही, पण मी कामावरून आलो की माझ्या हातांकडे बघायची.

मग त्याच दुकानदाराचा निरोप आला, मुंबईहून एक नवीन माल आलाय. आम्ही धावतच गेलो. त्यानं एक काठीसारखं काहीतरी पुढं केलं. वर दोन वाकड्या मुठी, खाली बारकी चाकं.

नरसय्या म्हणाला, "शेठ, पाऊस कुठं हाय? छत्री नको, गाडी दाखवा!"

दुकानदार हसला. मुठी धरून त्यानं झटका दिला. खट्! आणि समोर गाडी! निळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, हलकी, एका हातानं उचलावी अशी. इस्माईलभाईंच्या तोंडून "या अल्ला!" निघालं. नरसय्यानं कापड उलटं केलं, अंगठा ओला करून घासला, परत घासला, आणि मान हलवली. पास!

शेवंता मात्र खाली बसून बसकीची उंची बघत होती. तिनं हात आपल्या गुडघ्याला लावला, मग बसकीला लावला. "अवं," ती हळूच म्हणाली, "ही खाली हाय. कमळी धरून आपली आपण चढंल. मला उचलावी लागायची न्हाय."

मी इकडेतिकडे बघितलं. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

*

घरी न्यायच्या आधी गाडी शेडमध्ये आणली. सगळ्यांना बघायची होती ना! उघडली, आत सुताचं बाचकं ठेवलं, शेडभर फिरवली. पण घडी करायची वेळ आली आणि घडी होईना! दुकानदारानं दाखवलं होतं, पण तेव्हा आम्ही चौघंही खुळ्यासारखे नुसते हसत होतो, बघितलं कोणी! नरसय्यानं दाबली. दोघांनी ओढली. इस्माईलभाई माग सुतासारखा सरळ करणारे, त्यांनी पाना काढला, परत खिशात ठेवला. "नक्को बाबा, नवी चीज है."

आमचे मालक सिद्रामप्पा आवाज ऐकून आले. मालक मराठी आमच्याइतकंच बोलायचे, पण रागावले की कानडीवर जायचे. त्यांनीही गाडी उलटी केली, सुलटी केली. बोट चिमटलं.

"ह्याला मराठी कळत न्हाय!" मालक ओरडले. मग गाडीसमोर ताठ उभे राहिले आणि बोट नाचवत म्हणाले, "ए, मडचिको!" म्हणजे घडी हो! आणि रागानं मागच्या दांडीला लाथ मारली.

खट्! गाडी मिटली.

आम्ही सगळे दगड. मालकांनी धोतर झटकलं आणि शांतपणे म्हणाले, "बघा. आपल्याकडचीच हाय."

तेव्हापासून घडी करताना मागच्या दांडीला पाय लावायचा आणि "मडचिको" म्हणायचं, असं शेवंतालाही शिकवलं. नुसत्या पायानं होत असेलही. पण धोका कोण पत्करणार!

*

शेवंता निघाली त्या दिवशी माझं मागावर लक्ष नव्हतं. तिचा एसटीतला प्रकार मला नंतर कळला, तिच्याच तोंडून.

कंडक्टर दारातच आडवा झाला. "बाई, गाडीत गाडी न्हाय चालायची."

"पोरीसकट वर तर घ्या, मग बगा," शेवंता म्हणाली. त्यानं कुरकुरत गाडी वर घेतली. कमळी आईचा पदर धरून उतरली आणि बाकावर चढली. शेवंतानं पाय लावला, "मडचिको!" खट्! गाडी बाकाखाली.

सगळी एसटी बाकाखाली वाकली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "ओ ताई, परत करून दाखवा की!"

तिनं परत दाखवलं. मागच्यांना दिसलं नाही, म्हणून आणखी एकदा. ड्रायव्हर उतरून दारात आला, "मला न्हाय दिसलं!" त्याच्यासाठी आणखी एकदा. मग कंडक्टरनं स्वतः केली. उघडली, पाय लावला, मोठ्यानं म्हणाला, "मडचिको!" आणि सगळ्या एसटीनं टाळ्या वाजवल्या.

स्टँडवरचा साहेब खिडकीतून डोकावला. "सुटायची वेळ होऊन गेली, काय चाललंय?"

कंडक्टर म्हणाला, "सायेब, वर या. तुमालाबी दावतो!"

*

लग्नाच्या दिवशी मी मोहोळला पोचलो तर वरात निघायच्या बेतात. घोड्यावर दत्तू, त्याच्या मागं दोन्ही हातांत कऱ्हा धरून शेवंता. ट्रंकेतलं लुगडं अंगावर! आणि तिच्या पायाशी गाडीत कमळी, राणीसारखी. मी जाऊन गाडीच्या मुठी धरल्या.

नवरी त्याच गावातली, दोन आळ्या पलीकडची. वरात निघाली, पण घोड्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळं मोहोळ गाडी बघायला लोटलेलं! त्या रेट्यात मी आणि गाडी घोड्याच्या पुढं ढकललो गेलो आणि थेट मांडवाच्या दारात आलो. दारात नवरीची आई उभी, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. नवरदेवावरून ओवाळून टाकायचा असतो, म्हणजे नजर उतरते.

"अगं बया, ही कसली गाडी म्हनायची!" ती वाकली आणि त्याच भरात तिनं तुकडा कमळीवरूनच ओवाळला.

घोड्यावरून दत्तू ओरडला, "अवं मामी, नवरा हितं वर हाय!"

तिनं दचकून हात थांबवला. तेवढ्यात कमळीनं तुकडा हिसकावला आणि तोंडात घातला!

बँड थांबला. गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "आता गं बाई! ओवाळलेला तुकडा खाल्ला पोरीनं!" सगळ्यांच्या माना शेवंताकडे वळल्या. तिच्या दोन्ही हातांत कऱ्हा. खाली ठेवता येत नाही, पोरीला धरता येत नाही. चुलतबहीण कऱ्हा घ्यायला दोन पावलं पुढं सरकली. मी गाडीच्या मुठी घट्ट धरून उभा.

नवरीची आई कमळीकडे बघत राहिली. कमळी शांतपणे चावत होती. मग पोरीनं दुसरा हातही पुढं केला.

नवरीच्या आईनं तांब्या खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या वरातीला ऐकू जाईल अशी गरजली, "बगत काय ऱ्हायलाय? लेकरू भुकेलं हाय! अख्खी भाकरी आना, आदी तिला वाढा. नवरदेवाचं काय, त्यो कुटं पळून जातोय!"